परत एक नंबर

घरच्या घरी डायलिसिस करायच्या यंत्राचं सॉफ्टवेअर आमची कंपनी बनवते, आणि त्याची माहितीपुस्तिका मी लिहिते. ती यापुढे कोणत्या फॉरमॅटमध्ये लिहायची, एवढंच आजच्या मीटिंगमध्ये ठरायचं होतं.

"मार्कडाउन!" आमचा प्रोग्रामर म्हणाला. सगळे त्याला झटपट म्हणतात, ते उगाच नाही. "सगळ्यांना येतं. प्रत्येक पायरीआधी नुसता एकचा आकडा टाकायचा, खरे आकडे आपोआप पडतात."

"आणि मधे कुणी सूचना घुसवली की मोजणी परत एकपासून," मी म्हणाले. "त्यापेक्षा आस्कीडॉक हा फॉरमॅट घेऊ. किचकट आहे, कबूल. पण आकडा चुकला की बोंब मारतं."

"ताई, तुम्ही म्हणजे ना, राईचा पर्वत करता," साहेब हसले. "तीननंतर चार येतो, हे माणसाला कळतंच की."

कळतं म्हणे! माझी आई गेल्या महिन्यापासून त्याच यंत्रावर आहे, आणि कंपनीच्या साइटवरची पुस्तिका वाचत बाबा तिला नळ्या जोडतात. ऑफिसात मी हे बोलले नव्हते. घरचं रडगाणं कामात आणते, असं म्हणाले असते.

"नमुन्याचं पान मी सकाळीच साइटवर चढवलंय," झटपट म्हणाला. "बघा तरी."

आईच्या डायलिसिसची हीच वेळ. म्हणजे आत्ता बाबांसमोर तेच पान! फोन उचलायला गेले, तर तोच वाजला. घाईत बोट भलतीकडे पडलं आणि स्पीकर सुरू झाला.

"अगं, तीन पायऱ्या झाल्या. आईला नळी जोडली. खाली कसलीशी सूचना आहे आणि तिच्याखाली परत एक नंबर. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून करायचं का? वर एकला लिहिलंय, जुनी नळी काढा. आता जोडलेली काढू?"

"बाबा, हात लावू नका! कशालाच नाही!" मी ताडकन उठून किंचाळलेच. "तो खालचा एक म्हणजे चार आहे. मोठ्याने वाचा मला."

त्यांनी वाचलं, तसं केलं. यंत्राची घरघर सुरू झालेली ऐकू आली, तेव्हा कुठे मी खुर्चीत बसले. मागून आईचा बारीक आवाज आला.

"विचारा हो तिला, कुठल्या मेल्याने लिहिलंय हे? त्याला आई नाही का?"

झटपट लॅपटॉप ओढून ते पान साइटवरून उतरवू लागला. मी स्पीकर बंद केला नाही.