तोर्तेल्ली पाण्यात सोडू का?

बस महामार्ग सोडून भलतीकडेच वळली, तेव्हा फेदोराला वाटलं, ड्रायव्हर रोक्कोला डिझेल भरायचं असेल. पण समोर आलं ते मैदानाएवढं वाहनतळ, आणि त्याच्या पलीकडे एक आख्खं गाव. गेरूच्या रंगाची घरं, कमानी, मधोमध कारंजं. नीट बघितलं तर वरच्या मजल्यांच्या खिडक्या भिंतीवर नुसत्या रंगवलेल्या होत्या. त्या गावात राहत कोणीच नव्हतं. खाली ओळीनं दुकानं होती, बड्या बड्या नावांची. मिलानमध्ये ज्या काचांपुढून आपण चाल न मोडता निघून जातो, तोच माल इथं गेल्या हंगामाचा म्हणून उतरत्या भावात मिळायचा.

गास्पारेनं माइक हातात घेतला. "मंडळी, एक तास! पाय मोकळे करा, कॉफी घ्या, कोणाला काही आवडलं तर तेही घ्या. मग थेट कास्तेलफोस्को!"

बसमध्ये टाळ्या पडल्या. फेदोरानंही वाजवल्या, खोटं कशाला बोला.

ही सगळी सुल्मोनाची गायकमंडळी. पोस्टातून निवृत्त झालेला गास्पारे त्यांचा अध्यक्ष. सप्टेंबरात तीन दिवसांची तोस्कानाची सहल त्यानंच ठरवली होती, आणि इतकी स्वस्तात की जी माणसं एरवी गावची वेस ओलांडत नाहीत तीही निघाली होती. काल फ्लोरेन्स झालं. आजचा रविवार कास्तेलफोस्कोचा होता. आरेत्सोच्या वर, चेस्टनटच्या रानातलं हे छोटं गाव. तिथलेही लोक गातात. गेल्या डिसेंबरात ते सुल्मोनाला आले होते, बर्फात अडकले होते, आणि घराघरांत त्यांची सोय केली होती. फेदोराकडे सेत्तीमिया नावाची बाई राहिली. दोघी विधवा, दोघी खालच्या सुरात गाणाऱ्या, दोघींची जीभ सारखीच तिखट. दोन दिवसांत त्यांचं असं जमलं की निघताना सेत्तीमियाला फेदोराचा हात सोडवेना.

"आता तुम्ही यायचं," ती म्हणाली होती. "सगळ्यांनी. आमचे तोर्तेल्ली खायला घालते. दुकानातले नाहीत, हातचे!"

काल रात्री तिनं फोनवर सांगितलं होतं की गावातल्या सगळ्या बायका दुपारपासून सभागृहात जमल्यात. बटाटे उकडून, कुस्करून, त्यात लसूण आणि जायफळ घालून सारण केलंय, पोळ्या लाटल्यात, चौकोनी तोर्तेल्ली चिमटून पिठाच्या चादरींवर मांडलेत. दुपारी जेवण, चारला देवळात दोन्ही गावांनी मिळून गाणं. शाळेच्या स्वयंपाकघरात फेदोराची उमर गेली होती. चाळीस-पन्नास माणसांचे तोर्तेल्ली म्हणजे किती पाठी मोडून येतात हे तिला कोणी सांगायला नको होतं.

एका तासाचा दीड तास झाला. फेदोरा एका दुकानात आरशापुढे उभी होती. अंगात रेड वाइनच्या रंगाचा लोकरी कोट. विकणारी मुलगी म्हणाली, "तुमच्यासाठीच शिवलाय हो, सिन्योरा," आणि खरंच, खांदे असे बसले होते की फेदोरा स्वतःकडेच वळून वळून बघत होती. तेवढ्यात बाहेर, दाराशीच, गास्पारेचा आवाज आला. तो फोनवर बोलत होता.

"काय सांगू सेत्तीमियाबाई! बसच बंद पडली. हो ना, ऐन महामार्गावर. मेकॅनिक बोलावलाय. नाही नाही, आमची वाट बघू नका... म्हणजे बघा, पण... उशीर होईल जरा."

फेदोराच्या अंगातला कोट एकदम जड झाला. तिनं तो काढून मुलीच्या हातात दिला आणि बाहेर आली.

"कुठली बस बंद पडली रे?"

गास्पारे दचकला, पण लगेच हसला. त्याचं हसू नेहमी तयार असायचं, खिशातल्या रुमालासारखं. "अगं, तसं म्हणावं लागतं. लोकांचं मन राखायला."

"मन राखायचंय तर बसमध्ये बस. चल, निघू या. पाणी ठेवलं असेल त्यांनी."

"निघू, निघू. एवढी काय घाई? माणसं जरा रमलीत. रोज येतो का आपण इथं?"

आणि तो कारंज्याकडे निघून गेला. त्याच्या चालीत काहीतरी पक्कं ठरलेलं होतं. ते फेदोराला खटकलं. ती तडक वाहनतळावर गेली. रोक्को बसच्या सावलीत पाय पसरून पाव खात होता.

"रोक्को, आपण कधी निघणार?"

"चारला."

"चारला? अरे, चारला आपण देवळात गाणार आहोत!"

रोक्कोनं पाव खाली ठेवला. "मावशी, मला काय विचारता? अध्यक्षांना विचारा. बस इथं चारपर्यंत उभी राहिली तर निम्मं भाडं ही दुकानंवाली मंडळी भरतात. सहल स्वस्त कशी झाली असं वाटलं तुम्हाला? जूनमध्येच ठरलंय हे. मला वाटलं, तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे."

फेदोराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जूनमध्ये! म्हणजे सेत्तीमियानं टेबलं मोजली, बायका पीठ मळायला बसल्या, तेव्हा या माणसाला ठाऊक होतं की पाहुणे जेवायला येणारच नाहीत. त्याही पुढची गोष्ट तिला जास्त झोंबली. स्वस्त कसं, हा प्रश्न तिनं स्वतः एकदाही विचारला नव्हता. पैसे भरले होते आणि खूष झाली होती.

फोन वाजला. सेत्तीमिया.

"फेदोरा, कुठपर्यंत आलात गं? मेकॅनिक आला का? पाणी खळाखळा उकळतंय. तोर्तेल्ली पाण्यात सोडू का? तू सांग, त्या गास्पारेच्या बोलण्यावरून मला काही कळत नाही. एकदा शिजले की थांबत नाहीत, तुला माहीतच आहे."

फेदोराला वाटलं, आपणही म्हणावं, हो गं, मेकॅनिक आलाय. चार शब्दांचं काम होतं.

"सोडू नकोस," ती म्हणाली. "आणि बस बंद पडलेली नाही. आम्ही दुकानांत आहोत."

"कुठल्या दुकानांत?"

"महामार्गाशेजारची. कपड्यांची, बुटांची. सगळेच आहोत. मीसुद्धा कोट घालून बघत होते."

मग सेत्तीमिया अगदी हळू म्हणाली, "इथं लहान पोरं सकाळपासून रस्त्यावर उभी आहेत, बस दिसली की ओरडायला." आणि फोन ठेवला.

ती ओरडली असती तर फेदोराला बरं वाटलं असतं.

मग ती दुकानोदुकानी शिरली. चड्ड्या-बनियनच्या दुकानातून तिनं दोन भारदस्त खर्जवाल्यांना बाहेर काढलं. चष्म्यांच्या दुकानात गावच्या सुताराची बायको तिसरा चष्मा लावून बघत होती, तिला म्हणाली, "डोळ्यांना काय लावतेस, आधी आत काय आहे ते बघ!" रांगेत उभ्या माणसांसमोर तिनं सगळं सांगितलं: कोणी काय ठरवलं, कोण काय खोटं बोललं, आणि वर डोंगरात किती टेबलं मांडून ठेवलीत. परदेशी पर्यटक कौतुकानं बघत होते, त्यांना वाटलं काही कार्यक्रमच चाललाय. कोणी ओशाळलं, कोणी म्हणालं, "झालं ते झालं, आता पैसे भरलेत." एकानं तर उलट तिलाच विचारलं की तिला कोणी हेडबाई केलं.

योलांदा बुटांच्या दुकानात सापडली. योलांदा म्हणजे फेदोराची बालमैत्रीण, मंडळातला सगळ्यात उंच आवाज. मऊ चामड्याचे उंच बूट घालून ती कोचावर बसली होती, पाय पुढे करून.

"उठ, निघायचंय," फेदोरा म्हणाली. "टॅक्सी करतोय आम्ही."

"मी येत नाही."

"काय?"

"नाही येत. आयुष्यभर मी बहिणीचे उतरलेले बूट घातले, फेदोरा. तुला माहीत आहे. आज पहिल्यांदा कोणीतरी माझ्यापुढे गुडघ्यावर बसून विचारतंय, घट्ट होतात का म्हणून. मला बसू दे."

"त्या बायका दोन दिवस राबल्यात!"

"मी सांगितलं होतं का राबायला?"

पन्नास वर्षांच्या मैत्रीत पहिल्यांदाच ती योलांदाकडे पाठ करून निघाली.

बाहेर गास्पारेनं तिला गाठलं. आता हसू नव्हतं. "तू माणसांना माझ्याविरुद्ध भडकवतेस. त्या निम्म्या भाड्याशिवाय निम्मी माणसं घरी बसली असती. तुझी योलांदासुद्धा! मी कोणासाठी केलं हे? माझ्या खिशात काय गेलं?"

"काही नाही गेलं. मान्य," फेदोरा म्हणाली. "मग सांगितलं का नाहीस? जूनमध्ये आम्हाला सांगायचं होतं. त्यांना सांगायचं होतं, की जेवायला नको, रात्री येतो, सोमवारी येतो. तोंड उघडायला काय लागलं असतं? तू आम्हाला गुरांसारखं आणून इथं सोडलंस, आणि ज्यांनी आपल्यासाठी चूल पेटवली त्यांना खोटं सांगितलंस. आणि वर म्हणे मन राखायला! कोणाचं मन राखलंस, अध्यक्षमहाराज? स्वतःचं तोंड राखलंस."

"चारला बस निघणारच आहे तिकडे."

"बस येईल. जेवण तुझी वाट बघत बसणार नाही."

शेवटी नऊ जण निघाले. दोन टॅक्सी आणि सुताराच्या बायकोच्या भाच्याची गाडी, तो जवळच राहायचा. चेस्टनटच्या रानातली वळणं लागली तशी फेदोराचा राग ओसरायला लागला. रागाच्या भरात आपण निघालो खरे, पण त्या बाईसमोर उभं कसं राहायचं?

रस्त्यावर पोरं नव्हती. सभागृहात लांबच लांब टेबलं, पांढरी कापडं, प्रत्येक ताटाशी घडी घातलेला रुमाल. गावची मंडळी भिंतीच्या कडेनं बसली होती, पाहुण्यांशिवाय कोणी जेवलं नव्हतं. सेत्तीमिया स्वयंपाकघराच्या दारात आली, बाह्या दुमडलेल्या. तिनं फेदोराला मिठी मारली नाही.

"एवढेच?"

"एवढेच."

"आणि तुमची उंच आवाजाची?"

"बूट बघतेय."

सेत्तीमियानं ओठ आवळले. मग गावच्या लोकांकडे वळून खड्या आवाजात म्हणाली, "भिंतीला काय चिकटलाय सगळे? उठा. पाहुणे एका कोपऱ्यात बसवायचे नाहीत. एक इथं, एक तिथं, मध्ये तुम्ही. टेबल रिकामं दिसता कामा नये." आणि आत ओरडली, "सोडा गं पाण्यात!"

तोर्तेल्ली आले. वर लोण्यात परतलेली सेजची सुगंधी पानं आणि मटणाचा रस्सा. फेदोरानं पहिला घास घेतला आणि तिचा राग पुन्हा नव्यानं उसळला. असलं अन्न सोडून तिकडे पावाचे तुकडे चघळत फिरतात! शेजारची म्हातारी तिच्या ताटात पुन्हा पुन्हा वाढत होती आणि म्हणत होती, "खा बाई, तुझ्या वाटचं खा आणि त्या न आलेल्यांचंही खा." त्यात टोमणा होता की प्रेम, फेदोराला कळलं नाही. दोन्ही असणार.

चारला देवळात गाणं झालं. सुल्मोनाकडून वरच्या पट्टीत गाणारं कोणीच नव्हतं, म्हणून कास्तेलफोस्कोच्या बायकांनी तो भाग उचलला. शब्द त्यांना अर्धवटच येत होते. फेदोरा आणि सेत्तीमिया शेजारी उभ्या राहिल्या. दुसऱ्या कडव्याला सेत्तीमियानं न बघताच आपली वही दोघींच्या मध्ये धरली.

गाणं आटोपून सगळे पायऱ्यांवर उभे असतानाच बस आली. हातात चकचकीत पिशव्या घेऊन माणसं उतरू लागली, आणि समोरची शांतता बघून दोघा-तिघांनी पिशव्या परत आत ठेवल्या. गास्पारे हात पसरून पुढे झाला. "मित्रहो! काय सांगू, ती बस—"

"त्यांना माहीत आहे," फेदोरा म्हणाली.

पसरलेले हात तसेच राहिले, मग खाली आले. सेत्तीमिया पुढे झाली आणि अत्यंत अदबीनं म्हणाली, "या. दमला असाल खरेदी करून. कॉफी घ्या." उरलेले तोर्तेल्ली बायकांनी केव्हाच डब्यांत भरून घरोघरी पाठवले होते. छोट्या कपांत कॉफी आली. साखर विचारली गेली. बिस्किट कोणी विचारलं नाही. गास्पारेनं आभाराचं भाषण केलं, ते सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आणि नंतर एकही टाळी वाजली नाही. पोस्टात इतकी वर्षं काढलेल्या माणसाचे कान लाल झालेले फेदोरानं पहिल्यांदाच पाहिले. तिला त्याची दया आली नाही.

निघताना सेत्तीमियानं तिला बाजूला घेतलं. "तू खरं सांगितलंस म्हणून बोलतेय तुझ्याशी. नाहीतर बोलले नसते."

"मला मघाशी वाटलं, तू बोलणारच नाहीस."

"मलाही तसंच वाटलं होतं. वसंतात ये. एकटी ये. आणि रेल्वेनं ये."

परतीच्या बसमध्ये गास्पारेनं माइक उचललाच नाही. योलांदा येऊन फेदोराशेजारी बसली. पायांत जुनेच बूट होते, नव्यांचं खोकं कुठंतरी वर ठेवलेलं.

"चांगले झाले होते का गं?" तिनं विचारलं.

"फार."

"माझ्यासाठी थोडे आणायचेस तरी."

"नाही आणले," फेदोरा म्हणाली. तिला आणखी पुष्कळ बोलायचं होतं, पण योलांदा रडायला लागली होती. फेदोरानं तिला रडू दिलं. हात धरला नाही, आणि उठून दुसरीकडेही गेली नाही.