नट नव्हे, फळातली बी

सहा वर्षं तेच ऐकून आत्याचे कान किटले होते. "कोको म्हणजे नटच की," असं वहिनी म्हणायची आणि चॉकलेट बनवण्यात उभी हयात घालवलेली आत्या आणलेला डबा तसाच परत न्यायची. वहिनीच्या लेकीला, चिमणीला, बदाम-अक्रोड चालत नव्हते. लहानपणी एका बदामी बिस्किटाने तिचे ओठ टरारून सुजले, श्वास कोंडला, दवाखाना गाठावा लागला. ते आत्यालाही मान्य होतं. पण म्हणून पोरीने सख्ख्या आत्याच्या हातचा तुकडाही खायचा नाही? हा कुठला न्याय?

चिमणीच्या सातव्या वाढदिवशी आत्याच्या संयमाचा कडेलोट झाला. तिने व्यापाऱ्याकडून कोकोचं अख्खं फळ मागवलं, वहिनीच्या ओट्यावर आदळलं आणि उभं चिरलं. आत पांढऱ्या बुळबुळीत गरात बिया दाटीवाटीने बसल्या होत्या.

"बघा वहिनी. गोणीवर बीन्स लिहितात, कारण सुकली की ही शेंगेतल्या दाण्यासारखी दिसते. पण हा शेंगेतला दाणा नाही आणि नट तर नाहीच नाही. फळातली बी आहे, पपईत असते तशी. सहा वर्षं तुम्ही माझ्या कामाला विष ठरवलंत."

वहिनीने एक बी बोटांत फिरवून पाहिली. "डॉक्टरही म्हणाले होते, ताई, कोको चालेल म्हणून. माझाच जीव धजत नव्हता. चुकलं माझं."

आत्याने लगेच डबा उघडला आणि चिमणीच्या तळहातावर तुकडा ठेवला. चिमणी आधी नुसता वासच घेत राहिली.

"आणि ही बी तुम्ही भाजता कशात?" वहिनीने सहज विचारलं.

"आमचा फिरता ड्रम आहे ना, त्यात..." आत्याची नजर डब्याकडे गेली. त्याच ड्रममध्ये दर सोमवारी बदाम भाजले जायचे. हा डबा मंगळवारचा होता.

तिने झडप घालून तुकडा हिसकावला.

"आत्या, तूच दिलास ना?" चिमणीने भोकाड पसरलं.

आत्या तिला उचलून नळाशी घेऊन गेली आणि तो इवलासा हात साबणाने घासायला लागली. आता तिला स्वतःचाच संताप येत होता. वहिनी सहा वर्षं चुकत होती म्हणून पोर धडधाकट राहिली, आणि आपण एवढ्या शहाण्या, आज आपल्याच हाताने तिला दवाखान्यात धाडणार होतो.

"ओठाला लावलं नाहीस ना?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती. "आत्याला खरं सांग. जीभ दाखव."