ताईनं दिलेली उत्तरं

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. मनकवडा डोळे मिटून समोरच्याच्या कपाळाला बोट लावायचा आणि त्याच्या मनातलं घडाघडा बोलून दाखवायचा. "झोप उडालीय. थकवा येतो. कामात लक्ष लागत नाही. खरं ना?" माणसं हुंदके देत माना डोलवायची. अहो, ज्याला निवांत झोप लागते तो तिथं कशाला तडमडेल!

ताई धाकट्या बहिणीला घेऊन आली होती. हातमोज्यांच्या कारखान्यात शिलाई करणारी ही पोर हल्ली अंथरुणातून उठतच नव्हती. आईमागे ताईनंच तिला वाढवलं होतं, त्यामुळे तिच्या वतीनं बोलणं ताईच्या अंगवळणी पडलं होतं.

"छातीत धडधडतं?" मनकवड्यानं धाकटीला विचारलं.

"धडधडतं हो," ताई म्हणाली.

"काहीतरी वाईट घडेल असं वाटतं?"

"सारखं वाटतं!"

"भयानं धरलंय. माणसांत पाठवू नका. अंधाऱ्या खोलीत ठेवा, भय उपाशी मरेल."

ताईनं पडदे ओढले, मैत्रिणींना दारातूनच परत पाठवलं. धाकटीनं अन्न टाकलं, तेव्हा कुठे दवाखाना आठवला. तिथं ताईनं मनकवड्याची सगळी हकिकत सांगितली.

डॉक्टरीणबाईंनी प्रश्नांचे दोन कागद काढले, एक चिंतेचा, एक नैराश्याचा. ताई सवयीनं उत्तरं द्यायला लागली. बाई म्हणाल्या, "तुमचे तुम्ही वेगळे भरा. हिचे हिला भरू दे."

मग दोघींची परवानगी घेऊन त्यांनी सगळे कागद शेजारी शेजारी ठेवले. "झोप नाही, थकवा आहे, हे दोघींचंही. तेवढ्यावरून आजार ओळखता येत नाही आणि मनकवडा तेवढंच ओळखतो. पुढचं त्याला तुम्हीच पुरवलंत. ती धडधड, ती धास्ती तुमची आहे, ताई. हिला कशातच गोडी उरलेली नाही. जगणं नको वाटतं, असं लिहिलंय हिनं. आणि हिला तुम्ही एकटीला कोंडलंत."

ताई धाकटीकडे वळली. "अगं, मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे?" धाकटी म्हणाली. तिच्या आवाजात रागसुद्धा नव्हता. ताईला रडू आवरेना.

"कागद म्हणजे काही जादू नाही," बाई म्हणाल्या. "त्यातून बोलायला सुरुवात होते, एवढंच. औषध लागेल, वेळ लागेल. हिला एकटं सोडू नका."

धाकटीला सावरायला वेळ फार लागला. अंधारात गेलेले दिवस तर कुणीच भरून दिले नाहीत. मनकवड्याकडे अजून रांग लागते. बाबांनो, दुसऱ्याचं मन वाचणारा अजून जन्माला यायचाय. ज्याचं दुखतंय त्याला विचारा, आणि तो बोलेपर्यंत आपण गप्प बसा.