अडवून धरलेली संमती

बहिणीचा फोन हरवला, तेव्हा तिचा दादा दुकानात एका कवळीसाठी साच्यात मेण ओतत होता. बाजूला ठेवलेल्या मोबाइलवर निरोप उमटला : 'तुमच्या बहिणीला तिची ओळख परत हवी आहे. तुमची संमती आहे का?'

बहीण नर्स. पदवी, परवाना, अनुभवाचे दाखले, सगळं फोनमधल्या डिजिटल पाकिटात. ते खरे असल्याची खूण ब्लॉकचेनवर, म्हणजे हजारो संगणकांवर नोंदलेली; पण पाकिटाची किल्ली एकट्या तिच्याकडे. कुठल्याच कचेरीत दुसरी नाही. किल्ली गेली, तर तिनं नेमलेल्या तिघांपैकी दोघांनी 'हो' म्हणायचं, मग नवी मिळते. तिघं म्हणजे आई, दादा आणि एक मैत्रीण. आई सहा महिन्यांपूर्वी गेली. आता दादावाचून पान हलणार नव्हतं.

आणि दादाच्या मनात अढी होती. आईच्या शेवटच्या आजारपणात ही दोनदाच येऊन गेली. "आता बरी आठवण झाली!" असं पुटपुटत त्यानं मोबाइल पालथा घातला.

तीन दिवस तो तसाच घुम्यासारखा राहिला. नव्या मोबाइलवरून आलेले तिचे फोनही घेतले नाहीत. चौथ्या दिवशी राग निवला आणि त्यानं बटण दाबलं. संध्याकाळी तिचा फोन आला.

"दादा, काम झालं रे. पण नव्या हॉस्पिटलात परवाना कालपर्यंतच दाखवायचा होता. जागा दुसरीला गेली. जाऊ दे, तू कामात असशील."

"हो ना, गडबडीत होतो," तो बोलून गेला.

आयती मिळालेली सबब त्याला पचेना. दुसऱ्या दिवशी एकच कवळी दोनदा बिघडली, तेव्हा दुकान बंद करून तो तडक तिच्याकडे गेला.

"मी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं," तो दारातच म्हणाला. "मुद्दाम थांबलो. आईला भेटायला आली नाहीस, त्याचा राग काढला."



"दुसऱ्यांदा मला रजा नव्हती दिली, दादा. तशीच आले, म्हणून नोकरी गेली. म्हणून तर ही नवी शोधत होते."

"बोलली नाहीस कधी!"

"तू विचारलंस कधी?"

दादाला मान वर करवेना. तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. पण ती म्हणाली, "आत ये, दारात काय उभा राहिलास."

दोन महिन्यांनी तिला काम मिळालं, घरापासून दोन बस बदलून जावं लागेल असं. ती सगळ्यांना कौतुकानं सांगते, फोन हरवला तेव्हा दादानंच ओळख परत मिळवून दिली. दादा समोर असला, की उगाच चष्मा पुसत बसतो.