चारची हाक

शिंपीण जन्माची बहिरी, आणि तिच्या कुत्रीचं नाव मैना. नावाला जागायची मात्र सोय नव्हती, कारण भुंकायचं नाही हेच तिचं शिक्षण. दाराची घंटा वाजली की एक पंजा गुडघ्यावर, कुकरची शिट्टी झाली की दोन, आणि कुणी हाक मारली की ओलं नाक तळहातात. मग हाक आली तिथे घेऊन जायचं.

आई जाऊन आठ महिने झाले होते. तरी रोज दुपारी चारला मैना शिवणयंत्रापाशी यायची, तळहातात नाक खुपसायची आणि शिंपिणीला आईच्या रिकाम्या खोलीत न्यायची. पहिल्यांदा शिंपिणीच्या अंगावर सर्रकन काटा आला. पुढे पुढे ती चार वाजायची वाटच बघू लागली. कॉटवर टेकायची, आईशी हातांनी बोलायची. त्या खोलीतली काडीसुद्धा तिने हलवली नव्हती.

चूक बयेने एकच केली, शेजारणीला सांगितलं. शेजारणीच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ! इमारतीत कुत्र्यांना बंदी, कामाच्या कुत्र्याला तेवढी सूट. "पण ही तर मेलेल्यांच्या हाका ऐकते. ही कसली कामाची?" अशी तक्रार गेली. समितीने ठरवलं, सेक्रेटरी परीक्षा घेतील. एक जरी खोटी वर्दी दिली, तर मैना बाहेर.

मैना गेली की घर आणि शिंपीण, दोघंही ठार बहिरी. "सकाळी या," असं तिने लिहून विनवलं. सेक्रेटरी आले साडेतीनला, वर शेजारणीला घेऊन.

घंटा झाली, कुकर झाला. मैनाने दोन्ही अचूक सांगितलं. सेक्रेटरी उठणार, तोच चार वाजले आणि नाक तळहाताशी आलं. शिंपिणीने मूठ घट्ट मिटली. "नको गं बाई, आज नको!" ती मनातच विनवत होती. मैना हटेना.

तिने भीत भीत मान वर केली. सेक्रेटरींचा चेहरा पांढराफटक पडला होता. शेजारीण भिंतीला चिकटली होती. दोघंही आईच्या खोलीकडे बघत होती. त्यांना ऐकू येत होतं!

सेक्रेटरी धीर करून आत गेले आणि कॉटमागून चार्जरला लावलेला जुना फोन काढला. आईचा! पडद्यावर चारचा गजर लुकलुकत होता. शिंपिणीला उमगलं. रोज एक हाक मारून मैनाचा सराव घ्यायचा, हे आईचं काम. आपल्यामागे तो मोडू नये म्हणून तिने आपली हाक फोनमध्ये भरून चारचा गजर लावून ठेवला होता. घरात ऐकणारं कुणी नव्हतंच, तर कळणार कुणाला?

सेक्रेटरींनी तिथेच लिहून दिलं, 'कुत्री खोटी वर्दी देत नाही. ती राहील.' समितीला दाखवायला म्हणून फोन बंद करून खिशात घातला आणि ते गेले. शिंपीण जिंकली होती. पण आठ महिने घरात असलेली आई आज खरोखर गेली. मैनाच्या मानेत तोंड खुपसून ती ढसाढसा रडली.

दुसऱ्या दिवशी ती बाही जोडत होती. चार वाजले. मैना उठली, आली आणि तळहातात नाक खुपसलं.

शिंपीण थिजली. मेलीची सवय असेल, दुसरं काय? विचारावं तरी कुणाला? पण ही खोटं सांगत नाही, हे आता तिच्याकडे सहीशिक्क्यानिशी लेखी होतं. ती यंत्रावरून उठली आणि मैनाच्या मागे आईच्या खोलीत गेली.