तात्यांच्या पेटीतली कात्री

मी कात्री. तोंड चालवणं हा माझा धंदाच, तेव्हा मी बोलायला लागले म्हणून दचकू नका. मी कापड बेतायची नव्हे, केस कापायचीही नव्हे. मी नाळ कापायची कात्री. टोकं बोथट, पाती जराशी वाकलेली, लांबी तुमच्या वितीएवढीसुद्धा नाही. तरी या भिसेगावातले आणि आजूबाजूच्या वाड्यांतले चाळीसएक जीव आईपासून वेगळे केले ते मीच. त्यांतला एकही आज मला ओळख दाखवत नाही. माणसाची जातच तशी.

माझा जन्म विलायतेतला. कोळशाच्या धुरानं काळ्या पडलेल्या एका गावात, गोमांस खाणाऱ्या कारागिरानं मला घडवलं. मग बोटीच्या पोटात बसून, तीन आठवडे खारं पाणी ओलांडून मी मुंबईला उतरले. हे आत्ताच सांगून ठेवते. हिनं समुद्र ओलांडला, हिला प्रायश्चित्त द्या, असं मला पाहून कुणी म्हटलं नाही. उलट दुकानदारानं "अस्सल विलायती!" म्हणून मला काचेच्या कपाटात वरच्या फळीवर बसवलं.

तिथून मी पुण्याच्या दवाखान्यात गेले, आणि तिथं सुईणपणाची परीक्षा पास झाल्याचं बक्षीस म्हणून सोनुबाईच्या हातात पडले.

सोनुबाई भिसेगावची. आईबाप लहानपणीच गेले. चौदाव्या वर्षी लग्न झालं, सोळाव्या वर्षी नवरा पटकीनं गेला, आणि ती चुलत्याच्या, म्हणजे नागूतात्यांच्या घरी परत आली. त्यांच्यात विधवेचा पाट लागतो. तात्यांनी खोपोलीचा एक साठीतला बिजवर शोधून आणला. सोनू पाहुण्यांसमोर येऊन म्हणाली, "यांना बायको नको, खांदेकरी पाहिजेत." बिजवर चहा न पिता उठला. ही पोर आता गावात आपली लाज ठेवत नाही, असं पाहून तात्यांनी तिला पुण्याला शिकायला पाठवली. त्यांचं ते औदार्य पुढं दहा वर्षं ओटीवर येईल त्याला ऐकायला मिळत असे.

ती परत आली ती पांढरं पातळ, पायात बूट आणि हातात मी. पहिल्याच बाळंतपणाला तिनं मला खळखळत्या पाण्यात घातलं. मला वाटलं, बाई कसला सूड घेतेय? पण दर खेपेला तेच. तात्यांची बायको धोंडूकाकी चुलीपाशी बसून बघायची आणि शेजारणीला म्हणायची, "आमची सोनू कात्रीचं कालवण करती. मीठ ईचारलं तर म्हणती नको." हसायच्या सगळ्या. पण ज्या घरात पूर्वी दोनाआड एक पोर धनुर्वातानं जायचं, तिथं पोरं जगायला लागली. ती देवीच्या कृपेनं जगली, असं ठरलं.

एकोणतीस सालच्या पौषात आफ्रिकेतल्या मोंबासाहून पत्र आलं. तिथं आपली माणसं पुष्कळ. त्यांच्या सूतिकागृहाला मराठी आणि गुजराती समजणारी सुईण हवी होती. करार तीन वर्षांचा, बोट माघातल्या एका शुक्रवारी. अट एकच: अर्जावर घरच्या कर्त्या पुरुषाची सही. सोनू तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. तिच्या हातावर गावाची निम्मी लहान पोरं जन्मली होती. पण सही हवी होती ती तात्यांची, ज्यांना घरात बाळंतपण म्हटलं की मळ्यावर काम निघायचं.

बोटीच्या आधीच्या रविवारी ओटीवर माणसं जमली. मी सोनूच्या पिशवीत होते, सगळं ऐकत होते.

भटजी म्हणाले, "समुद्र ओलांडला की धर्म बुडतो."

"विठूमामा लढाईत बसऱ्याला गेला, तेव्हा पाणी आटलं होतं का?" सोनूनं विचारलं.

विठूमामा म्हणजे काकीचा भाऊ. तो कोपऱ्यात बिडी ओढत होता, आणि छातीवर बसऱ्याचा बिल्ला होता. त्यानं बिडी विझवली आणि बिल्ला उपरण्याखाली घेतला.

"तो सरकारचा हुकूम हुता," तात्या म्हणाले.

"म्हणजे मारायला गेलं तर धर्म राहतो. जन्म द्यायला गेलं तर बुडतो."

"बघा, बघा! पुण्याला धाडल्याची फळं!" तात्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "आन आपल्या मुलखातल्या बाया बाळंत व्हायच्या थांबल्या काय गं? त्यांचं कोन करनार?"

"त्यांच्यासाठी मी एक पक्की खोली मागितली होती, तात्या. तुम्ही तिच्यात पेंढा भरलात."

यावर तात्यांनी सभा पुढल्या आठवड्यावर ढकलली. पुढल्या आठवड्यात बोट गेलेली असणार, हे मोजायला कुणाला पंचांग लागलं नाही.

आणि सोमवारी सकाळी तात्यांची सून यसू अडली. गजाची, म्हणजे तात्यांच्या एकुलत्या एका मुलाची ही बायको. पहिलटकरीण, मूल पायाळू. तात्या मळ्यावर गेले. सोनूनं पाणी ठेवलं, बाह्या सावरल्या, आणि दुपारी जेवणवेळेला मुलगा आणला. नाळ मी कापली. सोनूनं मला पुसायला हात पुढं केला, तर त्याआधी काकीनं मला उचललं.

"ही आता पाचवीपत्तुर हितंच."

आमच्याकडं असं आहे: ज्या हत्यारानं नाळ कापली, ते पाचवीपर्यंत बाळंतिणीच्या उशाखाली ठेवायचं आणि पाचव्या दिवशी सटवाईसोबत त्याची पूजा करायची. तोवर ते घराबाहेर जाता कामा नये. एरवी सोनू घरचा विळा उशाखाली सारून मला घेऊन निघून जायची, पण यावेळी काकी हटली नाही. सोमवारी जन्म, म्हणजे पाचवी शुक्रवारी. मुंबईची गाडी गुरुवारी सकाळची.

"काकी, ती उकळून ठेवायची असते. दे इकडं."

"देवीच्या वस्तूला उकळती व्हय गं?"

सोनू भांडायला उभी राहिली, इतक्यात मागच्या पडवीतून तात्यांचा आवाज आला. मूल झाल्याचं कळताच ते मळ्यावरून आले होते. काकीला बोलावून ते हळू बोलत होते, पण तात्यांचं हळू बोलणं तीन घरं ऐकू जातं.

"कात्री सोडू नगं. सुताराचा वाकस काढून घेतला तर सुतार जातो कुटं? तसंच हे. हत्याराबिगर ती तकडं जाऊन काय टाळ कुटनार?"

खोलीत सोनू भांडण सोडून वळली. मग यसूच्या उशाशी बसली. मी त्याच उशाखाली. मला वाटलं, आता ही मला हळूच काढून घेईल. मी पाती मिटून तयार राहिले.

"वन्सं, रडू नका," यसू क्षीण आवाजात म्हणाली.

"रडतेय कोण? यसू, तिथल्या दवाखान्यात कात्र्या ताटभर आहेत गं. डझनांनी."

"मंग?"

"मग काही नाही. मी आता बाहेर जाऊन रडणार आहे. तू ऐक."

यसूला हसू फुटलं. "नगा वन्सं, पोट दुखतंय!"

डझनांनी! त्या उशाखाली माझं काय झालं, ते मलाच ठाऊक. दहा वर्षं मी समजत होते की चाळीस बाळं मी आणली.

सोनू पडवीत गेली आणि असा गळा काढला, की शेजारच्या म्हशीनं दावं ओढलं. "माझी कात्री दे गं काकी! कात्रीशिवाय मी मोंबासाला जाऊन करू काय! नशीबच फुटलं माझं!"

तात्यांच्या चेहऱ्यावर दिवाळी. उशाखालची वस्तू सोनूच्या हाताला लागेल म्हणून त्यांनी मला स्वतः आणून ओटीवरच्या सागवानी पेटीत टाकलं, कुलूप लावलं, आणि किल्ली जानव्यासारखी गळ्यात घातली. मग पेटीवर बसले. पुढचे तीन दिवस ते जेवायलासुद्धा पेटीवरच बसत होते.

बुधवारी संध्याकाळी बारशासारखी गर्दी जमली. नातू पाहायला आलेले सगळे. कुणीतरी खवचटपणे म्हणालं, "तात्या, पोरीला अडवून धरलीत म्हनं?"

"कोन अडवतंय?" तात्यांचा आवाज माझ्या डोक्यावर घुमला. "आमी काय तसली मानसं हाय? सोने, आन गं तो कागुद. आन म्हनतो ना! सगळ्यांम्होरं सही करतो. जायचं तर खुशाल जा!"

"आता काय उपयोग, तात्या," सोनू नाक ओढत म्हणाली.

"उपयोग असू दे, नसू दे. लोकांनी बोलायला नगं."

कागद आला. दौत आली. तात्यांनी पेटीवर कागद पसरला आणि प्रत्येक अक्षर ओठांनी म्हणत सही केली. टाकाची करकर मला लाकडातून ऐकू आली. मंडळींनी वाहवा केली. असा कर्ता पुरुष उभ्या तालुक्यात नाही, असं भटजी म्हणाले. सोनूनं पाया पडून कागद पदराखाली घेतला.

गुरुवारी सकाळी इंजिनाची शिट्टी झाली, आणि थोड्या वेळानं गजा स्टेशनावरून परतला.

"कुटं गेलतास रं?" तात्यांनी विचारलं.

"ताईची ट्रंक पोचवाया."

"कुटं?"

"मुंबैच्या गाडीत. गेली ती."

तात्या उठले.  मग त्यांनी गळ्यातली किल्ली काढली, कुलूप उघडलं आणि मला हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिलं.

"अरं पन कात्री तर हितं हाय!" ते म्हणाले. "मंग ती गेलीच कशी?"

गजा आत गेला. आतून यसूचं हसू आलं, आणि पाठोपाठ "आई गं, पोट!"

शुक्रवारी पाचवी झाली. पाटावर मला तांदळात बसवलं. हळद लावली, कुंकू लावलं, फूल वाहिलं. आणि त्या नागूतात्यांनी, ज्यांना समुद्र ओलांडलेल्या बाईच्या हातचं पाणी चाललं नसतं, गोमांस खाणाऱ्याच्या हातून घडलेल्या, बोटीनं आलेल्या माझ्यासमोर डोकं टेकवलं. मला लाज वाटली. पण मी बोलून काय होणार? सोनू इतकं बोलली, तिचंही कुणी ऐकलं नव्हतं.

पुढल्या वर्षी यसू पुन्हा अडली, तेव्हा काकी कुंकवानं माखलेली मी घेऊन खोलीत आली. मी तोवर गंजले होते. "ती कात्री जवळ आणलीत तर मी मूल पोटातच ठेवीन," यसू म्हणाली. शेवटी ठाकुरवाडीची सोमी आली. सोनूनं जाण्याआधी दोन वर्षं तिला बरोबर फिरवलं होतं. तिनं चुलीवर पाणी ठेवलं, कमरेचं पातं त्यात टाकलं आणि काकीला खोलीबाहेर काढलं. मूल ठणठणीत झालं. मला मात्र पुन्हा पेटीत टाकलं.

तिसऱ्या वर्षी सोनूचं पत्र आलं. गजानं ओटीवर वाचलं, चार पानं. तिथले आंबे, तिथली उकड, एका महिन्यात झालेली एकोणतीस बाळंतपणं. घरातल्या एकेकाची चौकशी होती. शेजारच्या म्हशीचीही होती. माझी नव्हती. शेवटी लिहिलं होतं, "आणखी तीन वर्षांचा करार केला आहे. या खेपेला कुणाची सही लागली नाही."

तात्या उठून पेटीपाशी गेले. मग पेटी उघडून आत डोकावले.

"हाय गं, हाय," ते काकीला म्हणाले. "हत्यार हितंच हाय. येल परत. जाती कुटं?"

असं माझं चाललंय. पाती एकमेकींना चिकटली आहेत, आता उघडत नाहीत. आधी सोनूचा राग आला होता, तो कधीच गेला. मुलींनो, तुमच्या घरी तात्या असतील, पेटीही असेल. पेटीत कुलूपबंद ठेवायला त्यांना काहीतरी लागतं. ते देऊन टाका. रडावं लागलं तर मोठ्यानं रडा. पण सही घ्या, आणि गाडी चुकवू नका. मागं राहिलेल्या वस्तूंची दया करत बसू नका. मी लोखंड आहे, पेटीत पडून राहणं मला जमतं. तुम्ही ते जमवून घेऊ नका.