सोळा नंबरची जर्सी

आमच्या ड्रमकील क्लबाच्या जर्स्या धुवायला माझ्याकडे येतात. माझं मशीन मोठं आहे आणि माझ्याशी वाद घालायची गावात कोणाची छाती नाही, म्हणून. पंधरा जर्स्या चिखलाने माखलेल्या, गवताने हिरव्या झालेल्या, एखादीवर रक्तसुद्धा. हर्लिंगचा खेळ म्हणजे काही भातुकली नव्हे. हातात लाकडी काठ्या आणि गोळीसारखा सुटणारा चेंडू. आणि मग निघते सोळा नंबरची, दुकानातून आत्ता आणल्यासारखी कोरी. ती माझ्या पोराची, फर्गलची.

अकरा वर्षं हा आमचा राखीव गोलकीपर. क्लबाच्या एकाही मॅचमध्ये एक मिनिट खेळला असेल तर शपथ. पुढे तो जारलाथ, पहिला गोलकीपर, दारात मावणार नाही एवढा. त्याचा पाय मुरगळत नाही, मेल्याला साधं पडसंसुद्धा होत नाही.

"फिलोमिना, तुझ्या पोराच्या जर्सीला साबण कशाला घालतेस गं?" एकदा खाटकाच्या दुकानात एक बाई सगळ्यांसमोर म्हणाली. मी तिला तिथल्या तिथे असं सुनावलं की ती सॉसेज तिथेच विसरून गेली. पण घरी येऊन रडले. खोटं कशाला बोलू?

माझं माहेर ग्लॅशमोर, डोंगरापलीकडचं. लग्न होऊन चाळीस वर्षं झाली, तरी ड्रमकीलच्या लेखी मी अजून पाहुणीच. माझा भाऊ मॉर्टी तिकडच्या क्लबाचा अध्यक्ष. त्यांचा गोलकीपर ऑस्ट्रेलियाला गेला आणि मॉर्टी लगोलग माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला.

"भाच्याला दे माझ्याकडे. पहिल्या दिवसापासून एक नंबरची जर्सी. आईच्या माहेरचा क्लब, कोणी आडकाठी करणार नाही."

आता आमच्याकडे क्लब बदलणं म्हणजे काय, तर धर्म बदलला तर लोक एक वेळ माफ करतील. पण मी हट्टाला पेटले. फर्गलच्या मागे अशी भुणभुण लावली की बापाने रेडिओ मोठा केला.

"तिशी उलटली तुझी! बाकावरच म्हातारा होणारेस का?"

"फायनल होऊ दे, आई," तो म्हणाला. घरात हा दोन वाक्यांच्या वर बोलत नाही. "मग जाईन मामाकडे. तुला बरं वाटणार असेल तर जाईन."

शब्द मिळाला. मी मॉर्टीला कळवून टाकलं.

त्याच वर्षी, घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, तशी ती साइव्ह उपटली. डब्लिनची पोरगी, खांद्यावर कॅमेरा. आमच्या टीमवर माहितीपट करणार, वर्षभर टीमच्या मागे राहणार. सराव, बस, जेवण, सगळीकडे तिला मोकळीक. अगदी ड्रेसिंग रूमसुद्धा! ज्या दारातून आजवर गावातली एक आई आत गेली नाही, त्या दारातून ही खुशाल आत. आणि बघावं तेव्हा हिचा कॅमेरा माझ्या पोरावर.

एक दिवस मी तिला धरलंच. "बाकावरच्या पोराला काय टिपत बसतेस? जगात हसं करायचंय का त्याचं?"

"तुम्ही ती बाजू बघितलीच नाही, फिलोमिना."

"कुठली बाजू गं? अकरा वर्षं गोलामागे उभी राहून बघतेय मी!"

"दाराच्या आतली," ती म्हणाली आणि कॅमेरा पुसायला लागली.

आगाऊ कार्टी! चहा दिला मी तिला, पण ॲपल टार्टचा तुकडा काही पुढे केला नाही.

फायनल आम्ही एका पॉइंटने जिंकलो. शेवटच्या मिनिटाला पलीकडच्यांना पेनल्टी मिळाली. मारायला त्यांचा तो डावखुरा, ज्याच्या नावाने जिल्ह्यातले गोलकीपर झोपेत दचकतात. जारलाथने उडी घेतली आणि चेंडू काठीने बाहेर उडवला. अख्खं गाव मैदानात घुसलं, जारलाथला डोक्यावर घेतलं. माझा फर्गल? तो खाली वाकून पडलेल्या काठ्या गोळा करत होता. मला बघवेना. मी जाऊन गाडीत बसले. वेशीवर मोठी शेकोटी पेटली, लोक नाचले, मी पडदा लावून घेतला.

सोमवारी जर्स्या आल्या. सोळा नंबरच्या जर्सीवर, कधी नव्हे तो, डाग. डाव्या खांद्यावर, पिवळट, वाळून कडक झालेला.

"बाकावर बसून हे कुठे लावून घेतलंस?"

"चहा सांडला."

"खांद्यावर?"

तो बूट घासायला बाहेर निघून गेला. मी चिडून चिडून तो डाग घासून काढला.

नोव्हेंबरात गावच्या हॉलमध्ये ती फिल्म दाखवली. मी जाणार नव्हते, पण मॉर्टी डोंगर ओलांडून आला होता. "आज भाच्याला गाडीत घालूनच नेतो," म्हणाला आणि माझ्या शेजारची खुर्ची धरून बसला. फर्गल मागे भिंतीपाशी चहाच्या पिंपाजवळ उभा. तिथेही राखीवच, मी मनात म्हटलं.

दिवे गेले. पडद्यावर आमचं मैदान, धो धो पाऊस. सराव संपलेला, सगळे घरी गेलेले, आणि मागे दोघंच: गोलात जारलाथ, समोर माझा पोरगा. फर्गल उजव्या हाताचा. पण इथे तो डाव्या बाजूने मारत होता. पहिल्यांदा चेंडू चुकला, मग काठी हातातून सुटली. जारलाथ हसला. पुढच्या वेळी तेच मैदान, पण झाडांची पानं पिवळी झालेली. आता फर्गल बरोब्बर त्या डावखुऱ्यासारखा खांदा पाडत होता, त्याच्यासारखाच चेंडू उचलत होता, आणि मारत होता असा की जाळं फाटावं. हाताला चिंध्या गुंडाळलेल्या. घरी मला म्हणाला होता, कुंपणाच्या तारेने कापलं.

"पुन्हा!" जारलाथ ओरडायचा. आणि हा पुन्हा मारायचा.

मग फायनलचा दिवस. ड्रेसिंग रूम. कॅमेरा संडासाच्या बंद दाराबाहेर थांबलेला. आतलं काही दिसत नव्हतं, दाराखालच्या फटीतून फक्त दोन जोड बूट. त्यातले पिवळ्या नाड्यांचे माझ्या पोराचे. ते पाय मी कुठेही ओळखेन. आतून ओकल्याचा आवाज आला. मग जारलाथचा रडका आवाज.

"नाही होणार रे माझ्याच्याने. पाय लटपटतायत. तूच जा. फर्गल, तूच उभा राहा गोलात. मी सांगतो त्यांना, मी आजारी आहे म्हणून."

अकरा वर्षं! अकरा वर्षं ज्याची वाट बघितली, ते ताट कोणीतरी समोर आणून ठेवलं होतं. हो म्हण, मी खुर्चीतून अर्धी उठले. हो म्हण ना रे बाळा!

पिवळ्या नाड्यांचे बूट जरा हलले. मग फर्गल म्हणाला, "मी? माझी जर्सी घाण झाली तर आई मारेल मला."

आतून जारलाथचं हसू फुटलं, रडता रडताच. "तुझी आई ना? खरंच मारेल."

"मग? चल, ऊठ. तो डावखुरा आज माझ्यापेक्षा जोरात मारणार नाही. टेक इथे, हं, असा. श्वास घे."

दार उघडलं. आधी जारलाथ बाहेर आला, तोंड धुतलेलं, हातात काठी. मागून माझा पोरगा. डाव्या खांद्यावर तो पिवळट ओला डाग.

मी तोंडात रुमाल कोंबला. चहा सांडला म्हणे!

मला नंतर कळलं, साइव्ह हे सगळं काढून टाकणार होती. जारलाथच म्हणाला, राहू दे, लोकांना कळू दे. त्यालाही माझा सलाम, आणि तिलाही. दाराशी थांबायचं कुठे, ते त्या पोरीला कळत होतं.

पेनल्टी आली तेव्हा तिने दोन चित्रं एकामागून एक दाखवली. पावसात फर्गल, फायनलला तो डावखुरा. तोच खांदा, तोच कोपरा, जारलाथची तीच उडी. हॉलमधली झाडून सगळी डोकी मागे वळली, चहाच्या पिंपाकडे. मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. खाटकाच्या दुकानातली ती बाईही उभी होती.

शेवटी साइव्हचा आवाज आला, "फर्गल, तुला स्वतःला कधी खेळावंसं वाटलं नाही?"

"वाटलं की. रोज वाटतं." पडद्यावर तो गोलाच्या खांबाला टेकून बसला होता. "पण माझ्या आईला बघा. हे तिचं गाव नाही. तिचा मुलगा खेळत नाही. तरी तिने एक मॅच चुकवलेली नाही. गारा पडोत, वारा सुटो, गोलामागे उभी राहून जारलाथच्या नावाने ओरडत असते. मी कोणावर गेलोय, असं वाटतं तुम्हाला?"

आणि पडद्यावर मी! टोपी ओलीचिंब, मानेच्या शिरा ताणलेल्या, "जारलाथ, डावीकडे बघ रे, गाढवा!" म्हणून किंचाळणारी. हॉल हसून हसून कोसळला. मी मात्र हुंदके देऊन रडले, सगळ्यांसमोर.

दिवे लागले. मॉर्टीने नाक पुसलं. "फिले, आता तर हा पोरगा मला हवाच. आणि शब्द दिलाय त्याने."

"त्याने माझ्यासाठी दिला होता. मी तो परत करतेय. तू दुसरा शोध."

"अगं, तिकडे तो खेळेल!"

"आणि इकडे काय करतोय? आत्ता काय आंधळा होतास?"

मी गर्दीतून वाट काढत पिंपापाशी गेले. लोक त्याची पाठ थोपटत होते आणि हा मान खाली घालून कप भरत होता. मला बघून कावराबावरा झाला.

"आई, मामाला सांग, मी येतो. म्हटलंय तसं."

"कुठे जातोस? मंगळवारी सराव आहे." मी त्याच्या हातातला कप काढून घेतला. "आणि जर्सी खुशाल घाण करून आण. नाही मारणार."